मिनीच्या नावाची मूठ

आमच्या घरात माणसं किती, हे वर्षातून एकदाच पक्कं ठरायचं आणि ते ठरवायची आमची आत्या. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी घरोघर बसायच्या आधी अक्का ओसरीवर सूप घेऊन बसे, शेजारी गव्हाची पाटी, आणि घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू सुपात टाकी. आधी भरली मूठ आणि मग चिमटीत मावतील तेवढे आणखी, तो झाला पाव. त्या गव्हाचं पीठ म्हणजे रोट. त्या पिठाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असं जेवण कानबाईसमोर व्हायचं आणि ते फक्त घरच्यांनी खायचं. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, लग्न करून दिलेल्या लेकीलासुद्धा नाही. अक्का स्वतः लग्नानंतर दोनेक वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिच्या नावाची बंद झालेली मूठ आजोबांनी पुन्हा टाकली होती, तेव्हा म्हणे भाऊबंदांत बरीच कुरकुर झाली होती. म्हणूनच असेल, पण या बाबतीत अक्काइतकं कडक कोणी नव्हतं. ज्याला फार मिनतवारीने आत घेतलेलं असतं तो दाराची कडी जास्त घट्ट लावतो, हे मी पुढे आयुष्यात पुष्कळदा पाहिलं.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेपासून जवळ. वारा तिकडून असला की घरात बसून गाडीची शिट्टी ऐकू यायची, आणि माय भाकरी थापता थापता म्हणायची, 'सुरतनी गाडी गई.' सुरत आम्हाला परगाव वाटतच नसे. गावातल्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस तिथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. माझे रामाकाका, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, शोभाकाकू आणि त्यांची पाच वर्षांची पिंकी तिथल्या एका चाळीत राहायची. वर्षभर त्यांचा पत्ता नसे, पण कानबाईला सगळी हजर. काका येताना साडीचे तुकडे आणायचे, काकू घारी नावाची तुपकट मिठाई आणायची, आणि चार दिवस घरात एवढा गोंगाट असायचा की माझे वडील, म्हणजे नाना, ओट्यावरच मुक्काम हलवायचे. नाना गावचे पोलीस पाटील. बोलणं कमी, आणि बोलले की तो विषय संपला असं सगळे धरून चालायचे. आम्हीही तसंच धरून चालत होतो.

मी अकरावीला होते त्या श्रावणात काकूबरोबर चाळीतली शेजारीणही आली. तिचं नाव सबिता. माणसं ओडिशाकडची, तिचा नवरा बिपिन काकांच्याच कारखान्यात लूमवर होता. तिची चार वर्षांची मुलगी मिनी आणि आमची पिंकी एकमेकींवाचून घास घेत नसत. पिंकी गाडीत चढेना, रडून गोंधळ घातला, म्हणून दोघींना बरोबर घेतलेलं. सबिता सावळी, किरकोळ अंगाची, बोलायला लागली की थांबायची नाही. तिचं हिंदी मोडकं आणि मायला हिंदी येतच नव्हतं, तरी दोघी चुलीपाशी तासन्‌तास गप्पा मारत. तिने वांग्याच्या भाजीत मोहरी वाटून घातली तेव्हा मायने नाक मुरडलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. आमचा ठेचा तिने भाकरीला लावून असा खाल्ला की नाकाडोळ्यांतून पाणी, पण थांबायचं नाव नाही. 'हमारे गाँव में ऐसा नहीं मिलता,' म्हणत परत ताट पुढे. मला ती फार आवडली होती. घरात तोवर माझ्याशी माझ्या कॉलेजबद्दल कोणी बोलत नसे. तिने विचारलं, तू शिकून कोण होणार.

अक्का मुठी टाकायला बसली तेव्हा सुरतवाल्यांची नावं सांगायचा मान पिंकीला मिळाला. दरवर्षी कोणीतरी लहान मूल बसायचंच. पिंकी गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत पाढे म्हणावेत तशी म्हणाली, 'पप्पा. मम्मी. मी. मिनी.' आणि अक्काचा हात लयीत चाललेला, तो चौथ्या नावालाही पाटीत गेला आणि सुपावर रिकामा झाला. काकूचा चेहराच उतरला. अक्का सुपातल्या गव्हाकडे बघत बसली. त्यातले चौथ्या मुठीचे दाणे कुठले ते ब्रह्मदेवालाही वेगळे काढता आले नसते. काकूला तिने चांगलं झाडलं, पोरीला वळण नाही वगैरे. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, 'टाकी ते टाकी. आते त्या पोरले खावानंच पडी. नावनं धान शे, तोंडमा गयं पाहिजे.' झालं. जेवायच्या दिवशी पंगतीत पिंकीशेजारी मिनीचं पान मांडलं गेलं. सबितासाठी मायने वेगळ्या पिठाची पोळी केली होती, ती तिने ओट्यावर बसून खाल्ली. तिला त्यात काही वाटलेलं दिसलं नाही. दारातून ती लेकीकडे बघून हसत होती, आणि अक्का, जिने मांजरालाही रोटाचा तुकडा कधी दिला नाही, मिनीला भरवत होती.

श्रावण गेला, गणपती गेले. मूग निघाले, कापूस फुटायला आला, आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरी मातीची गुलाबाई मांडून गाणी म्हणायला लागल्या. मी आता मोठी झाले म्हणून गाणी म्हणत नव्हते, पण डब्यात झाकून आणलेला खाऊ ओळखायला मात्र हटकून जायची. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचं, शेव की दाणे की लाडू. अशाच एका संध्याकाळी डबा माझ्या हातात असताना समोरच्या दगडूभाऊंच्या ओट्यावरच्या रेडिओने सांगितलं की सुरतमध्ये प्लेग आहे. प्लेग हा शब्द मी फक्त अक्काच्या तोंडून ऐकलेला, तिच्या आजीच्या काळातला, गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिल्याचा. बायकांनी पोरींना घरात ओढलं. खाऊ कोणता होता ते त्या दिवशी कोणी विचारलंच नाही.

मग गाड्या भरभरून यायला लागल्या. छतावर माणसं, दारांना लोंबकळणारी माणसं. स्टेशनवरून येणारा प्रत्येकजण नवीन काहीतरी सांगायचा आणि त्यातलं निम्मं खोटं असायचं, पण भीती पूर्ण खरी होती. नानांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. आज मी त्या बैठकीची टिंगल करू शकत नाही, कारण तिथे जे ठरलं ते बऱ्याच शहाण्यासुरत्या शहरांना जमलं नव्हतं. सुरतेहून येणाऱ्या आपल्या माणसांना हाकलायचं नाही. त्यांना सरळ घरातही घ्यायचं नाही. शाळेत ठेवायचं, काही दिवस बघायचं, आणि गावाने त्यांना जेवू घालायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून नानांनी हातापाया पडून कॅप्सूल आणल्या. धुळ्यात तर दुकानांत त्या औषधाला चढाओढ लागली होती. काशिनाथ गुरुजींनी शाळा उघडून दिली. गुरुजी बौद्धवाड्यातले, त्यांचा मुलगाही सुरतहून आलेला. इतकी वर्षं लग्नात वेगळ्या पंगती बसवणारं आमचं गाव. त्या आठवड्यात पाटलांची पोरं आणि बौद्धवाड्यातली पोरं एका वर्गात, एकाच सतरंजीवर झोपली, आणि मी टोपलीतून नेलेल्या त्याच भाकरी आणि उडदाचं घुटं सगळ्यांनी खाल्लं. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. वाटलं, संकट आलं की माणसं सुधारतात. अकरावीतल्या मुलीला असं वाटू शकतं.

पण एक गोष्ट ठरली होती ती मी नीट ऐकली नव्हती. शाळा, जेवण, औषध, जे काही ते गावच्या माणसाला. गावच्या वाटेवर बैलगाडी आडवी लावली होती आणि तिथे आळीपाळीने माणसं बसत. बाहेरचा कोणी आला, कोणाचा दोस्त, कोणाचा भाडेकरू, तर त्याला पाणी पाजून स्टेशनच्या वाटेला लावायचं. या बाबतीत सगळ्यांत कडक कोण, तर दगडूभाऊ. त्यांचा मुलगा आखातात गवंडीकाम करायचा; सुट्टीला आलेला तो मुंबईला अडकून पडला होता, कारण त्या देशाने आपली विमानं बंद केली होती. दगडूभाऊ आडव्या गाडीच्या जुवावर बसून त्या देशाला शिव्या घालायचे. 'आमना पोऱ्या कधी सुरतले गयाच नही! त्याले काबरं अडावतस? माणसं शेतस का कोन शेतस त्या!' आणि तेवढ्यात कोणी अनोळखी सायकलवाला दिसला की काठी उचलून, 'ओ भाऊ, मांगे फिर, मांगे!' लोक मागून हसायचे. त्यांच्या मुलाची नोकरी जायची वेळ आली होती, त्यामुळे तोंडावर कोणी हसत नव्हतं.

रामाकाका आले ते दुपारी. मी शाळेत भाकरी पोचवून परत येत होते, तर वाटेवर गलका. आडव्या गाडीच्या पलीकडे काका, काकू, कडेवर पिंकी, काकूचं बोट धरून मिनी, आणि दोन पावलं मागे सबिता. सगळ्यांचे कपडे कोळशात बुडवल्यासारखे. बिपिन बाप वारला म्हणून गावी गेला होता आणि तेवढ्यात सुरत रिकामी व्हायला लागली; चाळीत एकटीला कसं सोडायचं म्हणून काकांनी दोघींना गाडीत कोंबलं होतं. दगडूभाऊंनी काका-काकूंना सांगितलं, तुम्ही शाळेत चला. सबिताकडे काठीने दाखवून म्हणाले, ही नाही. काका आधी समजूत घालत होते, मग ओरडायला लागले, मग त्यांचा आवाजच बसला. तेवढ्यात नाना आले. भाऊ भावाला बघतोय, मधे बैलगाडी. काका म्हणाले, 'नाना, एकली बाई शे. मनी बहीण समजी ले.' नाना म्हणाले, 'रामा, बाहेरनं एक माणूस लिधं का दहा येतीन. प्रत्येक जन म्हनी, मनी बहीण शे. आपला माणसंसलेच औषध पुरत नही.' हे खरं होतं. कॅप्सूलचा डबा आमच्याच कपाटात होता, तो किती हलका आहे मला माहीत होतं.

मग शोभाकाकू बोलली. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तिचा पदर कधी घसरत नसे. त्या दिवशी पदर खांद्यावर होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. 'घरना माणूसलेच घेतस ना तुम्ही? मग मिनी घरनी शे. तिनी कानबाईनं रोट खादं शे. अक्कानी सोताना हातवरी मूठ टाकेल शे तिन्हा नावनी. इचारा अक्काले!' हसू येण्यासारखी गोष्ट आहे, मला कळतं. रोगाची साथ, सरकारी डॉक्टर, कॅप्सूल, आणि निकाल कशावर तर सुपातल्या गव्हावर. पण आमच्यात तो हसण्यावारी न्यायचा पुरावा नव्हता. दगडूभाऊंनीसुद्धा काठी खाली घेतली. अक्काला बोलावणं गेलं.

अक्का आली, गाडीच्या अलीकडे उभी राहिली. मिनी तिच्याकडे बघून ओळखीचं हसली, पण डोळे जड होते. काकूने तिच्या कपाळाला हात लावून सांगितलं, पोर तापली आहे. त्यावर चार माणसं मागे सरकली. अक्का नाही सरकली. म्हणाली, 'पोर घरनी शे. तिले बाहेर ठेवता येवाव नही. औषध तिले पहिले द्या.' मला इतकं हायसं वाटलं की मी टोपली खाली टाकली. मग नानांनी विचारलं, अगदी हळू, 'आनि तिनी माय?' अक्काने सबिताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. 'तिन्हा नावनी मूठ नही,' ती म्हणाली.

एवढंच. मी आजपर्यंत अनेकदा ते चित्र डोळ्यांपुढे आणून अक्काच्या तोंडी दुसरं वाक्य घालून पाहिलं आहे. खोटं बोलायला काय जात होतं तिचं? पण अक्का कानबाईच्या बाबतीत खोटं बोलणारी नव्हती, आणि त्याच खरेपणामुळे मिनी आत आली होती. एकट्या काशिनाथ गुरुजींनी तोंड उघडलं. ते म्हणाले, 'नाना, वऱ्हांड्याना एक कोपरा मी देस तिले. मन्हा वाटानी कॅप्सूल देस. आपला कोन, परका कोन, हाई ठरावाले बसं का ते कोठे थांबस, आम्हले माहीत शे.' नाना म्हणाले, 'गुरुजी, आज तुम्हना वाटानी देशात. सकाय गाडीभर लोक ऊनात तं कोना वाटानी देसूत?' खरं सांगायचं तर त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. काहीजण म्हणतील, एका बाईने काय बिघडलं असतं. त्यांनी कधी तो डबा हातात धरलेला नसतो.

हे सगळं चाललं होतं आमच्या बोलीत, आणि सबिता एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. काकांनी तिला हिंदीतून सांगितलं. काय शब्द वापरले देव जाणे, पण ती रडली नाही, भांडली नाही. इतकी बोलकी बाई, तिने एकच विचारलं, तेही नानांना, 'दवाई मिलेगा मिनी को?' नाना म्हणाले, 'मिलेगा.' 'खाना?' 'मिलेगा.' काका म्हणाले, मी हिला तिच्या गावी पोचवून येतो. नानांनी सांगितलं, पुन्हा गाडीत बसलास तर पुन्हा बाहेरचा होशील. काकू काकांच्या हाताला लटकली. सबितानेच नको म्हणून मान हलवली, म्हणाली, भुसावळपासून तिच्या मुलखाकडे गाड्या आहेत, चाळीतले दुसरे लोकही त्याच वाटेने गेलेत, ती बिपिनला घेऊन परत येईल. मग ती मिनीपासून आणखी लांब सरकली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. मिनीने हात पुढे केले तर तिने उचललं नाही, जवळसुद्धा गेली नाही, लांबूनच ओडियात काहीतरी म्हणाली, दोन-तीन वाक्यं, आणि वळली. दगडूभाऊंनी वरून पाणी ओतलं, ते ओंजळीने प्यायली. मायने पळत जाऊन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. बायका नंतर म्हणाल्या, काय दगडाची आई असेल, जाताना पोरीला पोटाशी धरलं नाही. मीही मनात तेच म्हटलं होतं.

मिनीला गुरुजींनी कॅप्सूल उघडून थोडी थोडी पूड गुळाच्या पाण्यातून दिली. ताप उतरला. कसला होता कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा, साधा. शाळेतले दिवस संपले आणि ती पिंकीबरोबर आमच्या घरात आली. आधी आठवडाभर ती दारात बसून असे. गाडीची शिट्टी झाली की मायकडे बघे, आणि माय स्वयंपाक सोडून तिला उचलून घेई. मग हळूहळू पोर रमली. आमची बोली तर तिने अशी उचलली की हसून पुरेवाट. 'माले भाकर दे ना व माय,' असं ती ठसक्यात म्हणायची आणि माय विरघळायची. अक्का तिला शेजारी घेऊन झोपायची. गावात कोणालाही रोग झाला नाही. आडवी बैलगाडी वाटेवरून निघाली, शाळा भरली. दगडूभाऊंच्या मुलाला त्या देशाने परत घेतलं. त्यांनी गावभर पेढे वाटले आणि त्या देशाचं तोंडभरून कौतुक केलं. पेढा आमच्याही घरी आला. नाना म्हणाले, मला गोड नको.

आता मी धुळ्याला असते. मध्यंतरी सगळ्या जगात साथ आली तेव्हा आम्ही सगळे घरात कोंडलेले आणि मी दिवसभर टीव्हीसमोर. कुठल्या देशाने औषध अडवून ठेवलं, कुणी लस आधी आपल्या लोकांना दिली, कुणी दारं लावली. मुलगा संतापून बोलायचा, की हे श्रीमंत देश माणुसकी विसरले. आपणही बाहेर जाणारी लस काही काळ थांबवली तेव्हा तोच म्हणाला, बरोबरच आहे, आधी आपली माणसं. माझ्या डोळ्यांपुढे दगडूभाऊ येत होते. आपल्या माणसांना आधी बघणं यात पाप आहे असं मला कधीच म्हणता आलं नाही. नानांनी बघितलं म्हणून आमची पोरं वाचली असतील. पण आपली माणसं म्हणजे कोण, हे ठरवताना कुठेतरी एक आई एका बाजूला आणि तिचं मूल दुसऱ्या बाजूला पडतंच, आणि ते ज्याला बघावं लागलं तो 'बरोबरच आहे' असं इतक्या सहज म्हणू शकत नाही. मला ते जमत नाही, बस.

त्या वर्षीची दिवाळी तोंडावर आली होती, घराला सारवण चाललं होतं, तेव्हा बिपिन आला. उंच, खांदे पडलेला, डोक्याचे केस बापासाठी काढलेले ते अजून नीट वाढले नव्हते. त्याला बघून काका धावले. मिनीने त्याला ओळखलं, पण जवळ जायच्या आधी तिने त्याच्या मागे वाटेकडे बघितलं. मग आमच्या बोलीत त्याला विचारलं, 'माय कोठे शे?' त्याला ते कळलं नसावं. किंवा कळलं असावं. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

ओट्यावर बसून त्याने हिंदीत सांगितलं. सबिता घरी पोचलीच नाही. वाटेत एका मोठ्या स्टेशनवर सुरतवाल्यांना उतरवत होते. ती उतरतानाच कोसळली. तिथल्या दवाखान्यात तीन-चार दिवस होती, तिथेच गेली. रोग कोणता होता ते कोणी सांगितलं नाही, कागद दिला नाही. त्याच डब्यात त्याच्या गावचा एक लूमवाला होता, तो तिच्यापाशी शेवटपर्यंत थांबला, त्यानेच गावी येऊन सांगितलं. बिपिन म्हणाला, तिला ताप सुरतेपासूनच होता. गाडीतच तिला कळलं होतं. तुमच्या वाटेवर ती तोंड झाकून लांब उभी राहिली ती त्यासाठी. मुलीला लागू नये, आणि कोणाला कळू नये. कळलं असतं तर तुम्ही मुलीलाही घेतलं नसतं, असं ती त्या माणसाला म्हणाली. मायने तोंडात पदर कोंबला. अक्का भिंतीला धरून खाली बसली.

नाना खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस त्यांना शिव्या देईल. मला वाटलं, द्याव्यात. नानांनाही तेच वाटत असावं, कारण ते तिथून हलले नाहीत, खाली मान घालून वाट बघत उभे राहिले. बिपिनने मिनीला काकूच्या हातात दिलं आणि डोळे पुसले. म्हणाला, 'मरते समय बोली, चिंता मत करना, बच्ची अपने लोगों में है.' मग तो उठला, नानांसमोर आला आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. 'आपने मेरी बच्ची को बचा लिया, बाबूजी.' नाना चटका बसल्यासारखे मागे झाले. 'नही रे भाऊ, नही, मन्हा पाय नको धरू,' ते म्हणाले. बिपिनला आमची बोली कळत नव्हती. त्याला वाटलं, मोठं माणूस आहे, संकोच करतंय. तो पुढे सरकला आणि पुन्हा वाकला.